दार आहे, मग घर कुठं गेलं? जुन्या गोव्यात सहली आणणाऱ्या शिक्षकांना खुलं पत्र

नमस्कार सर, मॅडम, गुरुजी, आणि शाळांच्या सहली ठरवून देणाऱ्या टूरवाल्या दादांनो,

मी सिंधुदुर्गातल्या एका हायस्कूलात इतिहास शिकवते. आमच्यासाठी गोवा म्हणजे शेजारच, पत्रादेवी ओलांडली की झालं, त्यामुळे दर दोन वर्षांनी तरी सहल जुन्या गोव्यातून जातेच. तुमच्याही जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार नांदेडपासूनच्या एसट्या डिसेंबर-जानेवारीत तिथं ओळीनं उभ्या असतात, मुलं टोप्या घालून रांगेत, हजेरी घेऊन आवाज बसलेल्या बाई, सगळं बघितलंय, मीही त्यातलीच एक. म्हणून हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका.

आपला तिथला कार्यक्रम ठरलेला असतो. बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी, समोर से कॅथेड्रल, जमलं तर म्युझियम, मग ग्रुप फोटो आणि लगेच मंगेशीला, कारण जेवण तिथं सांगितलेलं असतं. मीही पहिल्या तीन सहली अशाच केल्या. चौथ्या वेळी ड्रायव्हरनं गाडी जरा पुढं, सेंट कॅजेटन चर्चच्या बाजूला लावली म्हणून आम्ही तिकडून चालत आलो, आणि चर्चच्या दक्षिणेला गवतात नुसतंच उभं असलेलं एक दार दिसलं. नुसतं दार. दोन काळे कोरीव खांब, वर आडवा दगड, बाजूला जाळीचे तुकडे, मागं काहीच नाही. सातवीतला एक मुलगा थांबला आणि मला म्हणाला, "बाई, दार आसा, पण घर खंय गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहासाची बाई असून देता आलं नाही आणि ते मला फार लागलं. "बघू या, चला आधी, उशीर होतोय" असं म्हणून मी त्याला पुढं काढलं. घरी आल्यावर मात्र वाचायला बसले, आणि जे वाचलं ते तुम्हाला सांगायचंय, कारण तुमच्याही वर्गात असा एक मुलगा असणारच.

तर ते घर म्हणजे आदिलशहाचा राजवाडा. आता इथं पहिला घोटाळा होतो तो आधी सोडवते. आपण आदिलशहाचा राजवाडा म्हटलं की मुलांना पणजीतली मांडवीकाठची ती मोठी इमारत दाखवतो, जुनं सेक्रेटरिएट, जिथं २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा भरायची. तोही आदिलशहाचाच, पण तो वेगळा, आणि तो उभा आहे. मी म्हणतेय तो जुन्या गोव्यातला, म्हणजे तेव्हाच्या एला बंदरातला, नदीकाठच्या तटाला धरून असलेला किल्लेवजा राजवाडा, आणि तो गेलाय. दोन्ही एकाच नदीवर, मध्ये जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, त्यामुळे गाईडसुद्धा कधीकधी गल्लत करतात.

एला हे गाव मोठं कसं झालं तेही मुलांना सांगण्यासारखं आहे. त्याआधी गोव्याचं बंदर होतं जुवारी नदीवरचं गोपकपट्टण, कदंब राजांची राजधानी, तिथली खाडी गाळानं भरत गेली तसा व्यापार मांडवीवर सरकला. १४७२ मध्ये बहमनींच्या महमूद गावाननं गोवा घेतला, पुढं बहमनी राज्य फुटलं आणि हा भाग विजापूरच्या आदिलशहाकडे आला. हा तोच आदिलशहा जो आपल्या मुलांना अफजलखानाच्या धड्यात भेटतो, म्हणजे त्याच घराण्यातला, पण दीडशे वर्षं आधीचा. विजापूरला घोडे लागायचे, चांगले घोडे अरबस्तानातून समुद्रमार्गे यायचे, आणि ते उतरवायला हे बंदर हवं होतं. म्हणून शहराभोवती तट, तटाबाहेर खंदक, आणि नदीच्या अंगाला जिथून जहाजं दिसतील तिथं राजवाडा.

१५१० हे साल मुलांना पाठ असतं, आल्बुकर्कनं गोवा जिंकला, एक मार्क. पण त्या एका सालात हे शहर दोनदा घेतलं गेलंय हे आपण सांगतच नाही. फेब्रुवारीत पोर्तुगीज आत आले, मे महिन्यात आदिलशहाच्या फौजेनं त्यांना बाहेर काढलं, सगळा पावसाळा ते मांडवीच्या मुखाशी जहाजांत अडकून पडले, आणि २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, तटाचं दार फोडून परत शिरले. त्या दाराच्या जागी सेंट कॅथरीनचं छोटं चॅपेल आहे, म्युझियमच्या मागच्या बाजूला, तिथंही आपली मुलं जात नाहीत. मग शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली ती चार दिवस चालली, आणि हे कुणी शत्रूनं लिहिलेलं नाही, आल्बुकर्कनं स्वतः आपल्या राजाला पत्रातून कळवलेलं आहे. सातवीच्या मुलांना किती सांगायचं हे तुम्ही ठरवा, पण आपल्याला तरी माहीत पाहिजे.

आता राजवाडा. जिंकल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर सुरुवातीला राहायचे ते शहरातल्या चौकाजवळच्या आदिलशहाच्या दुसऱ्या वाड्यात. १५५४ मध्ये पेद्रो मास्करेन्यस नावाचा म्हातारा व्हाइसरॉय आला, त्याला म्हणे त्या वाड्याचे जिने चढवेनात, म्हणून त्यानं मुक्काम हलवला नदीकाठच्या या किल्लेवजा राजवाड्यात. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांमुळे राज्याचं ठिकाण बदललं, ही गोष्ट मुलांना जाम आवडते, मी सांगून बघितलीय. रिकामा झालेला चौकातला वाडा मग १५६० मध्ये धर्मन्यायालयाला, इन्क्विझिशनला दिला गेला, आणि गोंयकार त्याला नाव घ्यायलाही घाबरून नुसतं "व्हडलें घर" म्हणायचे. त्या वाड्याचं तर दारसुद्धा उरलं नाही.

पण नदीकाठच्या राजवाड्याचं वैभव १५५४ नंतर वाढतच गेलं. दीडशे वर्षांच्या आसपास पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा सगळा कारभार, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतचा, आपल्या वसई-चौलचा सुद्धा, इथून चालायचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार नावाचा फ्रेंच माणूस दोन वर्षं गोव्यात होता, त्यानं लिहून ठेवलंय की राजवाड्याच्या एका दालनात पोर्तुगालहून हिंदुस्थानात आलेल्या जहाजांची चित्रं काढलेली होती, कुठल्या साली आलं, कप्तान कोण, सगळं लिहून, आणि जी वाटेत बुडाली तीसुद्धा. बुडालेली जहाजंसुद्धा! मला हे वाचून कितीतरी वेळ तेच डोळ्यासमोर येत राहिलं, की भेटीसाठी थांबलेला माणूस, समजा आपल्याकडून गेलेला एखादा वकील, म्हणजे राजदूत, त्या भिंतीकडे बघत बसला असेल. आतल्या दिवाणखान्यात व्हाइसरॉयांची माणसाएवढी चित्रं होती, ही प्रथा जुआंव द काश्त्रूनं १५४७ मध्ये सुरू केली. ती भिंत गेली पण चित्रं आहेत! म्युझियममध्ये जी व्हाइसरॉयांची ओळीनं लावलेली पोर्ट्रेट्स मुलं कंटाळून बघत जातात ना, ती हीच परंपरा. दाराकडून सुरुवात करून मग म्युझियमला नेलं तर त्याच चित्रांसमोर मुलं उभी राहतात, कारण आता त्यांना माहीत असतं की ही माणसं कुठल्या घरातली.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठा धागा म्हणजे १६८३. त्या वर्षी व्हाइसरॉय होता कोंदि द आल्व्होर, त्यानं फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली, संभाजीराजे स्वतः आले आणि त्याला मागं रेटलं, मग नोव्हेंबरच्या अखेरीला मराठ्यांनी रातोरात जुवें बेट घेतलं, म्हणजे सेंट इस्तेव्ह, शहरापासून नदीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कसाबसा जीव वाचवून आला. शहर इतकं घाबरलं की व्हाइसरॉयनं बॉम जेझूसमध्ये जाऊन झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्याच्याजवळ ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. मागून मोगलांची फौज कोकणात उतरली म्हणून राजांना वळावं लागलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. आता बघा, आपण मुलांना ती शवपेटी दाखवतोच, तासभर रांग लावून दाखवतो. पण त्या शवपेटीपाशी धावत गेलेला माणूस ज्या घरातून राज्य चालवायचा त्या घराचं दार पाच मिनिटांवर आहे आणि आपण तिथं जात नाही. संभाजीराजांच्या नावानं वर्गात घोषणा देणारी मुलं त्या दारापासून हाकेच्या अंतरावरून आईस्क्रीम खात निघून जातात. चूक मुलांची नाही हो, आपली आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न, घर कुठं गेलं. मी आधी समजत होते की लढाईत पडलं असेल, कुणीतरी जाळलं असेल. तसं काहीच नाही. शहरात साथी येत राहिल्या, पटकी, हिवताप, विहिरींचं पाणी खराब, माणसं मरायला लागली आणि उरलेली निघून जायला लागली. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाटेवरच्या पणेलीला राहायला गेला, राजवाडा फक्त समारंभापुरता उघडायचा. १७५९ मध्ये मुक्काम पणजीला, त्या दुसऱ्या आदिलशहाच्या राजवाड्यात. आणि १८२० मध्ये सरकारनंच हा ओस पडलेला राजवाडा पाडला आणि दगड पणजीच्या बांधकामाला नेले. ज्यांनी तो दिमाखात वापरला त्यांनीच तो खाण समजून उपसला. म्हणजे घर कुठं गेलं याचं खरं उत्तर आहे, पणजीत गेलं. आपण संध्याकाळी मुलांना पणजीत फिरवतो तेव्हा कुठल्यातरी भिंतीतून, कुठल्यातरी जोत्यातून तो राजवाडा आपल्याकडे बघत असतो.

मग एवढं एक दार का ठेवलं असेल? माझं मत विचाराल तर ते सुंदर आहे म्हणून. जवळ जाऊन बघा, आणि मुलांना हातावर हात बांधून बघायला लावा, कारण चारशे-पाचशे वर्षांच्या कोरीवकामाला हात लावायचा नाही हेही तिथंच शिकवता येतं. गोव्याचा दगड म्हणजे आपल्यासारखाच जांभा, चिरे. बहुतेक चर्चं आतून जांभ्याचीच, वरून चुन्याचा गिलावा. हे दार मात्र काळ्या पाषाणाचं, घाटावरच्या दगडाचं. आणि खांबांची घडण बघाल तर मशिदीची नाही, चर्चची तर नाहीच, आपल्या जुन्या देवळांची आहे, खाचा, कणी, चौकोनातून अठकोनात जाणारी वळणं, शेजारच्या जाळ्यासुद्धा त्याच धाटणीच्या. तांबडी सुर्लाचं कदंबांचं महादेवाचं देऊळ बघितलेलं कुणी असेल तर लगेच ओळखेल, तेही काळ्या पाषाणातलंच.

इथं माझी तुम्हाला खास विनंती आहे. या दारासमोर उभं राहून मुलांना अर्धी गोष्ट सांगू नका. मी दोन्ही प्रकार ऐकलेत. एका सहलीत एक सर जोरात सांगत होते की बघा रे, देऊळ फोडून आणलेले खांब आहेत हे, आणि विषय तिथंच संपवला. दुसऱ्या ठिकाणी गाईड नुसतं "मुस्लिम आर्किटेक्चर" म्हणून पुढं गेला. खांब एखाद्या देवळातून आणलेले असतील, त्या काळात ते होत होतं. किंवा इथल्याच हिंदू पाथरवटांनी त्यांना येत होती त्या पद्धतीनं सुलतानासाठी घडवले असतील, तेही होत होतं, विजापूरच्या राज्यात कितीतरी कारागीर, कुळकर्णी, सरदार आपलेच होते. दोन्ही शक्यता मुलांपुढं ठेवा आणि त्यांना खांबाकडे बघून बोलू द्या. एकाच चौकटीत देवळाची कला, सुलतानाचं घर, पोर्तुगीजांची सत्ता आणि पणजीचं बांधकाम असं सगळं आलेलं आहे, असं दार मला तरी दुसरं माहीत नाही. त्यातलं एकच पान फाडून मुलांच्या हातात देऊ नका एवढंच.

अजून एक सांगते. १९८६ साली युनेस्कोच्या यादीत जुनं गोवं आलं ते "गोव्यातील चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स" या नावानं. नावातच चर्चेस, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष चर्चकडे, आणि ती आहेतही बघण्यासारखी, से कॅथेड्रलमध्ये गेल्यावर कुणाचाही आवाज आपोआप खाली येतो. मी चर्च बघू नका म्हणत नाही. बॉम जेझूसच्या दर्शनी भागाचा काळा दगड तर वसईहून आणला असं सांगतात, ते सुद्धा मुलांना सांगा, वसई म्हटलं की त्यांना चिमाजीअप्पा आठवतात. फक्त चर्चच्या आधी इथं एक शहर होतं, त्याला तट होता, तटाशी राजवाडा होता, हे कळलं तर चर्चसुद्धा जास्त कळतात. सेंट कॅजेटन बांधलं इटालियन पाद्र्यांनी सतराव्या शतकात, रोमच्या सेंट पीटरवरून, आणि बांधलं ते व्हाइसरॉयच्या राजवाड्याच्या शेजारी. आज शेजार आहे, घर नाही.

मी गेल्या दोन सहलींत काय केलं ते सांगते, पटलं तर करा. गाडी सकाळी लवकर, नऊच्या आत पोचवायची, तेव्हा गर्दी नसते. आधी खाली फेरीबोटीच्या धक्क्यावर जायचं, दिवाडीला फेरी जाते तिथं. मुलांना नदीकडे पाठ करून उभं करायचं आणि सांगायचं की तुम्ही आत्ता लिस्बनहून सहा महिने बोटीतून आलायत. मग व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चढायचं. ही कमान वास्को द गामाच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं बांधली, पुढं पडली आणि १९५४ मध्ये परत उभी केली, नवा व्हाइसरॉय यातूनच शहरात शिरायचा. राजवाडा या कमानीला लागून होता. तिथून दारापर्यंत मुलांना न बोलता चालायला सांगायचं आणि मनात पावलं मोजायची. दारापाशी पोचल्यावर कळतं की आपण इतका वेळ एका घराच्या कडेनं, कदाचित घरातूनच चालत होतो. गेल्या वेळी एक मुलगी दारापाशी आल्यावर मागं वळून कमानीकडे बघत म्हणाली, "एवढा मोठा होता?" त्या एका वाक्यासाठी मी परत साठ मुलांना घेऊन जायला तयार आहे.

मग दप्तरातल्या वहीत प्रत्येकानं दार काढायचं, आणि दाराच्या मागं आपल्या मनातला राजवाडा. वीस मिनिटं लागतात. कुणी त्यात सिंहासन काढतं, कुणी जहाजांची भिंत काढतं, एकानं पागा काढली होती घोड्यांची, कारण त्याला अरबी घोड्यांचं लक्षात राहिलं होतं. टूरवाल्या दादांनो, ही वीस मिनिटं टाइमटेबलमध्ये लिहूनच टाका, नाहीतर ऐन वेळी ती पहिली कापली जातात, मला अनुभव आहे. वेळ कुठून काढायचा विचाराल तर खरेदीतून काढा.

आणि ज्यांची सहल दोन दिवसांची आहे त्यांनी दिवाडीवरून पलीकडे नार्व्याला जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, कदंबांचं कुलदैवत, पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ बांधायला घेतलं, दारावर शिलालेख आहे, कार्तिक वद्य पंचमी, शके १५९०, मोठी मुलं स्वतः अक्षरं लावून वाचतात. एकीकडे घर गेलं आणि दार राहिलं, दुसरीकडे देऊळ गेलं पण देव राहिला आणि त्याला नवं देऊळ मिळालं, एकाच नदीच्या दोन काठांवर. मुलांना हे जोडून दाखवावं लागत नाही, बोटीत त्यांची त्यांनीच बोलायला सुरुवात केली होती.

तो मुलगा, ज्यानं मला पहिल्यांदा विचारलं, आता कॉलेजला आहे. त्याला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली, तेव्हा तो नववीत गेला होता, मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं की अरे, ते घर पणजीक गेला. तो जरा विचार करून म्हणाला, "मगे दार कित्याक सोडल्यानी?" त्यावर माझ्याकडे फक्त माझा अंदाज आहे, तो वर लिहिलाच आहे. तुमच्या मुलांना काही वेगळं सुचलं तर मला नक्की कळवा, मी त्याला सांगीन. आमची सहल या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, सकाळी नऊला आम्ही धक्क्यावर असू, आणि साडेनऊच्या सुमाराला दारापाशी वह्या काढून बसलेली निळ्या गणवेशातली मुलं दिसली तर ती आमची, येऊन बसा आमच्यात.

तुमची,
सिंधुदुर्गातली एक इतिहासाची बाई